सहा मिलिमीटर

दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल तालुक्याच्या बाजारात आजही अडून राहत नाही. छर्रे, कोन, कॉटर पिन, चेन, अठ्ठावीस इंची टायर, जे हवं ते दुकानदार डब्यातून काढून देतो. गाडी हिरोची, ॲटलासची की हर्क्युलसची, हे तो विचारतही नाही. कारखाने लुधियाना, सोनिपत आणि मद्रासचे, धंद्यात एकमेकांचे स्पर्धक होते. पण मापं सगळ्यांची एक.

महागड्या नव्या माउंटन बाइकचा मागचा हब खराब होऊ द्या, मग बघा. पहिला प्रश्न रुंदीचा: १३५ मिलिमीटर, १४२, १४८ की १५७? यातल्या १४८ला ‘बूस्ट’ म्हणतात आणि १५७ला ‘सुपर बूस्ट’. १४२ आणि १४८मध्ये अंतर अवघं सहा मिलिमीटरचं. पण तेवढ्यासाठी हब वेगळा, चौकट वेगळी आणि चेन तीन मिलिमीटर बाहेर सरकली म्हणून पुढची दातेरी चकतीही वेगळी. मोठं चाक त्यामुळे थोडं ताठ होतं, हे खरं. पण आधीचं धडधाकट चाक नव्या चौकटीत सरळ बसत नाही, हेही तितकंच खरं.

टायरची तर आणखी गंमत. माउंटन बाइकच्या ‘एकोणतीस इंची’ चाकाची रिम टायर बसतो तिथे ६२२ मिलिमीटर भरते आणि आपल्या काळ्या सायकलच्या अठ्ठावीस इंची चाकाची ६३५. एकोणतीस अठ्ठावीसपेक्षा लहान! शिवाय हे ६२२ म्हणजे शर्यतीच्या सायकलींचं जुनंच माप. नाव तेवढं नवं.

पायडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात, त्या बॉटम ब्रॅकेटची कथा यापेक्षा बोलकी आहे. तो कितीतरी पिढ्या आट्यांवर पिळून बसवला जायचा. १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, हे इंग्रजी माप जगभर चाललं. मग २०००नंतर बेअरिंग नुसतं दाबून बसवायची टूम निघाली. बीबी३०, पीएफ३०, बीबी८६, बीबी९०, अशी एकामागून एक मापं आली. वजन थोडं घटलं, कारखान्यातलं काम सोपं झालं आणि रस्त्यावर अनेकांच्या सायकली करकरू लागल्या. २०२० साली स्पेशलाइज्ड कंपनीने टारमॅक एसएल७ ही शर्यतीची सायकल आणली, तेव्हा तिच्यात पुन्हा जुनेच आटे होते. मधल्या वर्षांत ज्यांनी सायकली घेतल्या, त्यांच्या हाती या फेरफटक्याचं बिल राहिलं.

नवं आलंच नसतं, तर आपण अजून भरीव रबराच्या चाकांवर हाडं खिळखिळी करत बसलो असतो. १८८८मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि काही वर्षांतच भरीव टायर मागे पडला. जुनं बरंच काही तेव्हाही मोडीत निघालं. पण त्याचं सुख सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला कळलं. कुणाला ते समजावून सांगावं लागलं नाही. सहा मिलिमीटरचं सुख मात्र जाहिरातीतून समजावून घ्यावं लागतं.

१९८०च्या आसपास शिमानो या जपानी कंपनीने दोन हुशार प्रयोग केले. अर्ध्या इंचाच्या कड्यांच्या चेनऐवजी शर्यतीसाठी दहा मिलिमीटरची चेन काढली आणि पायडलचा आटा चांगला एक इंच रुंद केला. कल्पना बिनडोक नव्हत्या, तरी दोन्ही टिकल्या नाहीत. अर्ध्या इंचाची चेन तोवर जगभर पसरली होती आणि नऊ सोळांश इंचाचं पायडल कुठेही मिळत होतं. त्याच कंपनीने २००३च्या सुमारास आस जाड केला, बेअरिंग चौकटीच्या बाहेर नेलं. पण ते जुन्या, इंचाला चोवीस आट्यांच्या नळीतच बसेल असं बनवलं. ही युक्ती जगाने उचलली. वर्षानुवर्षांची जुनी चौकट नव्या आसासह धावू लागली.

माप हा अनोळखी माणसांनी एकमेकांशी केलेला करार असतो. नट बनवणारा, बोल्ट बनवणारा आणि वीस वर्षांनी कुठल्याशा फाट्यावर ते दोन्ही सोडवणारा मिस्त्री, हे तिघं कधी भेटत नाहीत. त्यांची कामं जुळतात ती या कराराच्या भरवशावर. तो कुणा एकाच्या मालकीचा नसतो, म्हणून मोडताना कुणाला आपलं काही मोडतोय असं वाटतही नाही.

आणि हे मोडणं फक्त कंपन्या करतात असं कुठे आहे? नवा साहेब येतो आणि पहिल्याच आठवड्यात रजिस्टरचे रकाने बदलतो. सोसायटीची नवी कमिटी आली की जुनी पावती चालत नाही. बदल करणाऱ्याचं नाव होतं, जुळवून घेण्याची दगदग दुसऱ्याच्या वाट्याला येते.

म्हणून आज काही नवं सुरू करायचं मनात असेल, तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात: यातून मिळणार ते कुणाला आणि निरुपयोगी होणार ते कुणाचं. दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल, तर बदल खुशाल करावा. नसेल, तर आटे तेच ठेवावेत आणि आपली सगळी हुशारी बेअरिंगवर खर्च करावी.