इयादतीचा हक

आजाऱ्याच्या भेटीला जाण्याला आपण इयादत म्हणतो. एका मुसलमानाचे दुसऱ्या मुसलमानावर जे हक हदीसमध्ये मोजले आहेत, त्यांत सलामाचा जबाब, दावतीचा स्वीकार, जनाज्याची साथ यांच्याच रांगेत इयादत येते. म्हणजे भेटीला जाणारा आजाऱ्यावर मेहरबानी करीत नाही, त्याचे जे देणे लागतो ते देऊन येतो. हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. व्यवहारात मात्र इयादतीचा पाहुणचार झालेला दिसतो. सफरचंदांची पिशवी, चार बायकांचा घोळका, 'सब्र करो, अल्लाह की मर्जी' एवढे बोलणे, आणि मग खाटेच्या कडेला बसून कोणाच्या तरी निकाहाच्या गप्पा. पाय मोडला असेल, टायफॉईड झाला असेल तर एवढ्याने भागते. स्तनाच्या कर्करोगात भागत नाही.

पहिली अडचण नावाची. 'गाठ निघाली', 'वो बीमारी', 'छोटंसं ऑपरेशन' असे शब्द फिरतात. खरा शब्द घरातली थोरली सून आणि मामू यांच्यातच राहतो. याला आपण शरम म्हणतो, पण शरमेच्या खाली एक हिशेबही असतो. घरात लग्नाची मुलगी असते. आईच्या आजाराचे नाव बाहेर गेले तर पैगाम येणार नाहीत, ही भीती असते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींचाच आजार आनुवंशिक असतो, हे कोणी सांगत नाही. सांगितले तरी पैगाम घेऊन येणाऱ्या खालाला ते पटेलच असे नाही. तेव्हा बाई गप्प राहते. केस गेलेले असतात, एका बाजूची छाती गेलेली असते, काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात जड होऊन सुजतो, आणि घरात सगळे तिच्याशी फार जपून बोलतात. नवरा वाईट नसतो. त्याला कुठे पाहावे तेच कळत नाही.

'ज्याचे जळते त्यालाच कळते' असे आपल्या मराठीत म्हणतात. या म्हणीचा रोख बहुधा इतरांना गप्प करण्याकडे असतो. मला ती उलटी धरून पाहावीशी वाटते. ज्याचे जळते त्यालाच कळत असेल, तर ज्याला कळले त्याच्यावर काही जबाबदारी येते की नाही? जी बाई या आजारातून पार पडली, तिच्यावर मागून येणाऱ्या बाईचा काही हक आहे का? असेल तर तो कुठपर्यंत?

हा प्रश्न प्रत्यक्ष कृतीने विचारणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. टेरीस लॅसर तिचे नाव. त्या काळी स्तनाचा कर्करोग म्हणजे संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सरसकट काढण्याची शस्त्रक्रिया. ती झाल्यावर लॅसरच्या लक्षात आले की पुढे हात कसा उचलायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्यासमोर कसे जायचे, हे सांगणारे कोणी नाही. सर्जनचे काम टाके काढल्यावर संपत होते. १९५२ साली तिने 'रीच टू रिकव्हरी' सुरू केले. शस्त्रक्रिया झालेली बाई नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बाईला भेटायला जाई. बरोबर हाताच्या व्यायामासाठी एक रबरी चेंडू, एक दोरी आणि ब्लाऊजमध्ये ठेवायची एक मऊ गादी असे. काही सर्जनना ही लुडबूड वाटली. पण काम वाढत गेले आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्या पंखाखाली घेतले. पुढे कितीतरी देशांत ते पोचले. हा इयादतीचाच एक प्रकार मानायला मला अडचण वाटत नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर सोपी होती. १९७८ साली ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीचा एक स्तन काढण्यात आला. तिच्याकडेही अशीच एक हसतमुख स्वयंसेविका आली. तिने लोकरीची फिकट गुलाबी गादी दिली. लॉर्डच्या कातडीच्या रंगाशी त्या गुलाबी रंगाचा काही संबंध नव्हता. पण तिचा आक्षेप रंगापुरता नव्हता. काही दिवसांनी ती गादी न लावता सर्जनच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने सुचवले की काहीतरी लावून येत जा, नाहीतर इतर बायकांचे मनोधैर्य खचते. लॉर्डला याचा संताप आला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात तिने विचारले आहे की इस्राएलचा मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी लावून जगभर फिरतो, त्याला कोणी काचेचा डोळा बसवून ये म्हणते का? त्याची जखम शौर्याची आणि बाईची जखम झाकायची, असे का? शिवाय सगळ्याच जणी झाकून बसल्या, तर एकमेकींना ओळखणार कशा?

लॅसर चुकली असे मला म्हणवत नाही. तिच्या काळात ती गादी म्हणजे घराबाहेर पडण्याचा परवाना होता, आणि आजही कितीतरी जणींना तो हवा असतो. मुंबईत काही बायका सुती धाग्याने असे हलके स्तन विणतात आणि ज्यांना हवे त्यांना मोफत देतात; मुंबईच्या उकाड्यात सिलिकॉनपेक्षा ते बरे पडतात. लॉर्डची तक्रारही खोटी नाही. अडचण येते ती पुढे गेलेली बाई आपल्या जखमेची मोजपट्टी करते तेव्हा. 'मी झाकले, तूही झाक' किंवा 'मी झाकले नाही, तू का भितेस' ही दोन्ही वाक्ये आजाऱ्याच्या खाटेपाशी सारखीच जड होतात. इयादतीचा हक आजाऱ्याचा आहे, भेटीला आलेल्याचा नाही, हे तेव्हा विसरले जाते.

आपल्याकडे ही मोजपट्टी सब्रची असते. 'मी कधी हूं की चूं केले नाही' असे सांगणारी फुफी प्रत्येक घरात असते. पण सब्र म्हणजे तोंड शिवणे, हे कुठून आले? हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलासाठी इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआन सांगते. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम सब्रचा नमुना मानले जातात, तेही आपल्या रबला पुकारून आपले दुःख सांगतात. प्रेषित (स.) आपल्या इब्राहीमसाठी रडले. कोणी म्हणेल, याकूब यांनी गाऱ्हाणे अल्लाहकडेच मांडले, माणसांकडे नाही. मान्य. पण हात उचलत नाही, रात्री छातीची नसलेली बाजू दुखते, असे दुसऱ्या बाईला सांगणे ही तक्रार कशी होते? दुखणाऱ्या जागेचे नाव घेणे ही इलाजाची पहिली पायरी असते. वैद्यापुढे नाडी धरायला हात पुढे करणाऱ्याला कोणी बेसब्र म्हणत नाही.

पर्द्याचा मुद्दाही इथेच काढला जातो. बहुसंख्य फकीहांच्या मते मुसलमान बाईसमोर मुसलमान बाईचे सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत आहे. तेव्हा एकीने दुसरीला आपला व्रण दाखवला, तर शरियतची हद्द ओलांडली जात नाही. ओलांडली जाते ती तिथे ऐकलेली गोष्ट गल्लीत पोचते तेव्हा. बैठकीतले बोलणे अमानत असते, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. तिचे पालन होईल याची खात्री असती तर कितीतरी ओठ आपोआप उघडले असते. पैगामाची भीती खोटी नाही, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अशा भेटीत जी ऐकते तिची पहिली परीक्षा दयेची नसते, जिभेची असते.

आता छाती नव्याने घडवण्याविषयी. पोटाची किंवा पाठीची कातडी आणि मांस वळवून, नाहीतर सिलिकॉन बसवून स्तनाचा आकार परत आणता येतो. आपल्या देशात फार थोड्या जणींना ही सोय मिळते. बहुतेकींचा आजार उशिरा कळतो आणि पैसा आधीच्या इलाजातच संपतो. पण जिला मिळू शकते, तिच्यापुढे आपल्या समाजात आणखी एक प्रश्न उभा केला जातो: अल्लाहच्या घडणीत हा बदल नाही का? सूरह निसामध्ये सैतानाची जी दर्पोक्ती आहे, तिचा आधार घेतला जातो. याचे उत्तर जुन्या काळातच आहे. अरफजा (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळात, कुलाबच्या लढाईत तुटले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. पुरुषाला सोने मना असताना ही परवानगी मिळाली. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही २००७ साली मलेशियातल्या पुत्रजाया इथल्या अधिवेशनात, काढून टाकलेला स्तन पुन्हा घडवणे जायज ठरवले. गेलेले परत आणणे आणि असलेले नटवणे यांत फरक आहे, हे त्यामागचे सूत्र.

दरवाजा उघडा आहे म्हणून आत गेलेच पाहिजे असे नाही, हेही तितक्याच जोराने सांगायला हवे. आणि हे सांगायला फतवा उपयोगी पडत नाही, तिथे बाईच लागते. सर्जन आकार दाखवतो. नव्या छातीला पूर्वीसारखा स्पर्श कळत नाही. पोटाचे स्नायू घेतले असतील तर उठता-बसताना पोट दुबळे वाटते. एका शस्त्रक्रियेत काम संपेलच असे नसते. आणि तरीही एखाद्या दिवशी आरशासमोर कुर्ता सरळ बसलेला पाहून रडू येते. हे सगळे एका दमात, काहीही न लपवता सांगणारी बाई हवी. तिने स्वतः काय निवडले हे तिने विचारल्यावर सांगावे, आधी नाही.

व्यवहारी वाचक विचारतील, या भेटीगाठींनी आजार बरा होतो का? १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजार शरीरात पसरलेल्या ८६ बायकांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी सुमारे दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर त्याची चर्चा झाली. मग २००१ मध्ये कॅनडातल्या पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच २३५ बायकांवर केलेला अभ्यास आला: आयुष्य वाढले नाही. मात्र मनाचा त्रास कमी झाला, आणि दुखण्याची जाणीवही कमी झाली. ज्या जास्त हैराण होत्या त्यांना जास्त फायदा झाला. कित्येकांना हा दुसरा निकाल निराशाजनक वाटला. मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पहिला खरा ठरला असता तर ही सोबत औषधाच्या यादीत गेली असती, आणि जी वाचली नाही तिच्या मैत्रिणींना आपलीच सोबत कमी पडली असे वाटत राहिले असते. मौत आणि हयात ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात आहे. इयादतीला जाणाऱ्याकडून बरे करण्याची अपेक्षा कुठेच केलेली नाही; त्याने यावे, बसावे, दुआ करावी आणि आजाऱ्याला थकवू नये, एवढेच सांगितले आहे.

संस्था, सभा यांच्याशिवायही हे घडते, आणि आपल्या जवळच घडते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथे इलाजासाठी देशभरातून येणारी कितीतरी गरीब माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. अशा ठिकाणी कोणी कोणाला जात विचारीत बसत नाही. एकीची नळीची पिशवी साडीच्या कनवटीला कशी खोचायची हे दुसरी दाखवते, केमोनंतर तोंड आले की काय गिळता येते ते तिसरी सांगते.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका इलाजाच्या दिवसांत अशाच एका ठिकाणी राहिल्या होत्या. तिथे लातूरकडची एक तरुण बाई त्यांच्याजवळ येऊन बसली आणि बराच वेळ घुटमळून तिने विचारले, "आपा, तकबीरला हात खांद्यापर्यंत जातच नै. और बांधू तो हात रखू कहाँ?" हनफी पद्धतीत बाई नमाजमध्ये हात छातीवर बांधते. आता हात टेकायचे त्या जागी सपाट, बधिर कातडी होती आणि टाके ओढत होते. मौलाना साहेबांना हे विचारायला तिची जीभ रेटली नव्हती.

शिक्षिका म्हणाल्या, "मेरा बी चार महिने नै उठा. जितना उठे उतना उठाओ. और हात वहींच रखो, हलके से. नै सहा गया तो नीचे रखो. बैठके पढो, थक गए तो लेटके."

मग त्या उठल्या आणि शेजारच्या भिंतीपाशी तिला घेऊन गेल्या. बोटांनी भिंतीवर चढायचे, कोळ्यासारखे, रोज एक बोट वर, आणि कालच्या जागी पेन्सिलीने खूण करायची. हा व्यायाम त्यांना शेजारच्या खाटेवरच्या परभणीच्या मावशींनी शिकवला होता. भिंतीवर मावशींच्या खुणा अजून होत्या.