बियाण्याचें फळ

परसांतील जुन्या वाणाच्या टोमॅटोचें बीं धरावयाचें, तर निरोगी झाडाचें उत्तम पिकलेलें फळ राखावें लागतें. तें फोडून गर दोनतीन दिवस आंबवितात. वर बुरशी येते, बियांवरील बुळबुळीत आवरण सुटतें व चांगलें बीं तळाशीं बसतें. मग धुऊन सावलींत वाळवितात. एवढें सुंदर फळ कुजूं द्यावें, हें जिवावर येतें खरें! म्हणून आम्ही चांगलें तें बाजारीं धाडितों, आणि चिरलेलें, किडकें बियाण्यास ठेवितों. आंधळीं, लंगडीं जनावरें वेदीवर आणणाऱ्या याजकांस मलाखी संदेष्ट्यानें दोष दिला; रविवारीं दानाची थाळी फिरते तेव्हां आमचा हात कोणतें नाणें शोधतो? परवां आमच्याच परसांतील उत्तम फळ आम्हीं विकलें. आतां दुसऱ्यास चिंधी बांधिली आहे.