वसईच्या घंटा

मेणवलीला कृष्णेच्या घाटाजवळ एका छोट्या मंडपात एक घंटा टांगलेली आहे. जवळ गेले की तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात दिसते, आणि १७०७ हे साल. नाना फडणविसांच्या वाड्याला येणारे बहुतेक जण लोळा एकदा हलवतात, नाद ऐकतात आणि पुढे जातात. मी मात्र दरवेळी तिथे अडखळतो. कृष्णेच्या काठी, शिवमंदिराच्या सान्निध्यात, समुद्राकडची एक आई लेकराला घेऊन उभी आहे.

ती वसईची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने किल्ल्याबाहेर पडली. चर्चांच्या घंटा मागे राहिल्या आणि विजयाच्या खुणा म्हणून घाटावर चढल्या. एवढा जड धातू सह्याद्रीच्या चढणीवर नेताना किती खांदे सोलवटले असतील! इतिहासात जिंकणाऱ्याचे नाव राहते, वाहणाऱ्याचे राहत नाही. त्यांची नावे मला हवी होती.

नाशकात गोदावरीकाठच्या रामेश्वर मंदिरातली, वसईचीच घंटा १७२१ची. मंदिर १७४७चे, सरदार नारोशंकरांनी बांधलेले. लोक तिला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. माहेरचे नाव पुसले गेले आणि सासरचेच रूढ झाले.

वसईतून दूर गेलेल्या अशाच आणखी दोन गोष्टी मला आठवतात. इथला काळा दगड गलबतांतून गोव्याला गेला आणि बाँ जेझू चर्चच्या दर्शनी भागात बसला. आणि इथेच जन्मलेला गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला गेला. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवले. १८६२ मध्ये तो संत ठरला, तेव्हा वसईवर इंग्रजांचे राज्य होते. इंग्रजांना ही वाट मोकळी झाली तीही वसईतूनच: १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इथेच तहावर सही केली. चिमाजी अप्पांनी जिद्दीने घेतलेल्या गावाच्या नावाने पेशवाईच्या पडतीचा तह ओळखला जावा, हे मला आजही जिव्हारी लागते.

चिमाजी अप्पा स्वतः हा विजय फार काळ भोगू शकले नाहीत. डिसेंबर १७४० मध्ये ते गेले. वसईच्या विजयासाठी वज्रेश्वरीला केलेला नवस मात्र मंदिराच्या रूपाने उभा आहे. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चांची छपरे गेली; भिंतींतून वडपिंपळ फुटले. सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे, आतून पोकळ.

या घंटांकडे लूट म्हणूनच पाहावे, असे मला वाटत नाही. धातू वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. ज्यांनी त्या जिंकल्या त्यांनी त्या देवाजवळच टांगल्या, आणि अंगावरची मेरीही घासून टाकली नाही. शत्रूच्या देवाची खूण आपल्या देवळात तशीच राहू देण्यातला हा संयम मला त्या लढाईइतकाच मोठा वाटतो. वसई-गास परिसरातल्या चर्चांत आज मराठीत प्रार्थना होते, हेही त्याच्याशी मनात जोडले जाते.

मेणवलीच्या घंटेचा नाद विरल्यावर तळहात तिच्या कडेवर ठेवून पाहा. कान थांबतात, तरी धातू थोडा वेळ थरथरत राहतो.