बांधापलीकडची हिंसा

सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचा वाद आपल्याकडे बहुधा खताच्या गोणीपाशी सुरू होऊन तिथेच संपतो. परंतु अहिंसेच्या दृष्टीने पाहू गेल्यास प्रश्न नांगराच्या फाळापासूनच उपस्थित होतो, आणि मनुस्मृतीनेही कृषिकर्माला दोष देताना भूमीचा व भूमिगत प्राण्यांचा घात हेच कारण पुढे केले आहे.

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून, वर माती पसरून उन्हाळ्यात राब भाजतात. तणाचे बी आणि किडींची अंडी जळून जातात व त्या राखेत पावसाच्या तोंडाशी रोपे तरारतात. या कर्मात रसायनाचा कणही नाही, तरी असंख्य जीव दग्ध होतात. पुढे चिखलणीत गांडुळांची बिळेही मोडतात. उलट याच कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात नांगरणी, चिखलणी आणि आवणी (रोपांची लावणी) तिन्ही वर्ज्य आहेत. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जागीच कुजू द्यायची, त्यामुळे गांडुळे वाढतात. मात्र तणासाठी तणनाशक फवारले जाते.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी पवनारला बैलाविना, हाताने ऋषिशेती केली. तिच्याही कुदळीखाली जीव मरतच असणार. सर्वथा निर्दोष शेती संभवत नाही हे एकदा मान्य केले, म्हणजे आपल्या पिकात ज्याचा कवडीचाही हिस्सा नाही त्याच्यावर आपल्या हिंसेचा किती भार पडतो, हे पाहणे मला अधिक धर्म्य वाटते. तणनाशकाचा अंश पहिल्या पावसात ओढ्याला लागलाच, तर तो वलगणीचे, म्हणजे पहिल्या पुरात चढणारे, मासे आणि मुठे नावाचे खेकडे धरून पोट भरणाऱ्या, सातबाऱ्यावर ज्याचे नावही नाही अशा कातकऱ्याच्या ताटात जातो. पण राबासाठी दरसाल छाटलेली डोंगरावरची झाडे, तीही बांधापलीकडचीच. म्हणून सेंद्रियवाद्यांनाही या हिशेबातून माफी नाही.

गांडूळ राखावे, तणनाशकही टाळावे, असा मार्ग आहे आणि तो हाताने बेणणी करण्याचा आहे. त्याला मजूर हवेत; आणि खोपोलीच्या कारखान्यांकडे वळलेला तरुण चिखलात वाकावा इतकी मजुरी देता येईल, असा भाव शहरातील गिऱ्हाईक आज भाताला देत नाही.