दार उघडतं तेव्हा

बसा. पाठ टेकली तरी चालेल.

एक श्वास येऊ द्या. जाऊ द्या. मुद्दाम लांबवू नका.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. खुर्च्या, जमिनीवर थोडी खेळणी, एक दार.

जमिनीवर बाळ बसलंय. वर्षाचं असेल. आई खुर्चीत आहे. बाळ रांगत खेळण्याकडे जातं, मधेच वळून आईकडे बघतं, पुन्हा खेळायला लागतं.

ते वळून बघणं बघा. आई आहे ना? आहे.

थांबा इथे जरा.

आता आई उठते. बाहेर जाते. दार लागतं.

तुमच्या छातीत काही हललं का? हललं असेल तर हलू द्या. नसेल हललं, तरी ठीक.

ही खोली खरी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला, १९६०च्या दशकात, मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ अशा खोलीत बाळांना न्याहाळत होत्या. आई जाई ती जेमतेम तीन मिनिटांसाठी. बाळ फारच रडलं, तर ती त्याआधीच परत येई. आणि एन्सवर्थ यांची नजर असे ती मुख्यतः या परत येण्यावर.

आपणही तिथेच बघू या.

दार उघडतं.

एक बाळ आईकडे झेपावतं. कुशीत शिरतं. हुंदके ओसरतात, आणि थोड्या वेळानं ते आपणहून खाली उतरतं.

दुसरं आईला घट्ट बिलगतं आणि तिलाच ढकलतं. उचलून घे म्हणतं, घेतलं की पाय झाडतं.

तिसरं वर बघतही नाही. हातातला ठोकळा फिरवत राहतं.

या तिसऱ्यापाशी जास्त वेळ बसू या.

मान खाली. चेहरा शांत. ‘किती शहाणं, अजिबात रडत नाही,’ असं कुणीही म्हणेल. पण पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले होते.

ती धडधड ऐका.

ठोकळा फिरतोय. धडधड चालू आहे.

न रडणाऱ्या मुलाचं आपल्याकडे केवढं कौतुक! ते ऐकत मोठी झालेली माणसं घराघरांत आहेत. भांडण सुरू झालं की ती गप्प होतात, गॅलरीत जाऊन उभी राहतात, मोबाइलमध्ये डोकं घालतात. समोरच्याला वाटतं, याला कशाचंच काही नाही.

आणि समोर बरेचदा त्या दुसऱ्या, बिलगणाऱ्या बाळाचा स्वभाव असतो. मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही, की पोटात खड्डा पडतो. पुन्हा मेसेज. पुन्हा फोन. हा जितका मागे लागतो तितका तो आत आत जातो. घाबरलेले दोघंही असतात.

असं गप्प होणं किंवा मागे लागणं हा आजार नव्हे. एकेकाळी निभावून नेण्यासाठी लागलेली सवय आहे, आणि ती बदलते.

श्वास घ्या.

आता तुमचं दार. अलीकडची एक संध्याकाळ आठवा. कुणाची तरी वाट बघत होतात, किंवा कुणी तुमची.

चूक कुणाची, हे आत्ता नको. घसा आवळला होता? जबडा? की काहीच जाणवत नव्हतं? त्या ‘काहीच नाही’पाशीही थांबा.

(घरात मारहाण असेल, धाक असेल, तर मात्र स्वतःचा स्वभाव तपासत बसू नका. तिथे आधी सुरक्षित जागा, आधी मदत.)

आणि धडधड दिवसचे दिवस शमत नसेल, दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीचंही नकोसं झालं असेल, तर तो चिंतेचा विकार किंवा नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

आता आणखी एक खोली. समुपदेशकाची. दोन खुर्च्या, एक दार.

पाऊण-एक तासानं वेळ संपते. दार लागतं. पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी ते उघडतं. मला वाटतं, तिथल्या सगळ्या बोलण्याइतकंच हे उघडणंही काम करत असतं.

मग कधी समुपदेशक सुट्टीवर जातात. कुणी चिडतं. कुणी म्हणतं, ‘बरंच झालं, मीही थांबणारच होते.’

तुम्ही काय म्हणता? हळूच बघा.

समुपदेशकांकडे परत गेल्यावर हवापाण्याच्या गप्पांत ते वाटणं बुडवू नका. एवढंच सांगून बघा: ‘तुम्ही नव्हता, ते मला लागलं.’ बिलगायचं नाही, ठोकळाही फिरवायचा नाही. समोरून काय उत्तर येतं ते ऐकायचं, आणि पटलं नाही तर तेही सांगायचं.