आर्चीला वाचवणाऱ्या भाचीस

नर्सी नामदेव, जि. हिंगोली

चि. सोनूस,


'सैराट'वरची तुझी गोष्ट वाचली. आर्ची-परश्या वाचले, हैदराबादचा संसार टिकला, लेकरू शाळेत गेलं. २०१६ साली 'सैराट' पाहून सुन्न होऊन घरी गेलेल्या कितीतरी लोकांना मनातून हेच हवं होतं. तुझी आई म्हणते, पोरगी दुसऱ्यांच्या पात्रांवर लिहीत बसते, तिला चार शब्द सांग. सांगते, पण 'सोडून दे' असं मी म्हणणार नाही.

आवडलेली गोष्ट संपली तरी मन तिथून निघत नाही, आणि मग माणूस ती पुढे नेतो. तुम्ही त्याला फॅन फिक्शन म्हणता, पण आपल्याकडे ही ओढ फार जुनी आहे. जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनात कर्णाची अभिलाषा आहे. व्यासांच्या महाभारतात ती नाही, लोककलावंतांनी ती रचली आणि विठ्ठल उमपांनी घराघरात पोचवली. शिवाजी सावंतांनी १९६७च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर वृषालीला आणि शोणालाही बोलतं केलं. मूळ कथेत ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, हे या लेखनातलं मोठं सुख. शिकणाऱ्याला आणखी एक फायदा होतो. माणसं आणि गाव आधीच उभं असतं, त्यामुळे सगळं लक्ष संवादावर आणि प्रसंगावर देता येतं. तुझे संवाद त्यामुळेच सुधारलेत.

पण आर्चीच्या भावाचं, प्रिन्सचं काय केलंस? तुझ्या गोष्टीत तो दारात येतो, भाच्याला पाहतो आणि रडायला लागतो. एका परिच्छेदात सगळं वैर धुऊन निघतं. सिनेमात आर्ची आईला फोन करते, आणि नंतर दोघांना मारायला भाऊ येतो तो आईकडच्या भेटवस्तू घेऊनच. आईची माया आणि घराण्याची इभ्रत एकाच दारातून आत येतात, म्हणून तो शेवट जिव्हारी लागतो. तुला तो बदलायचा तर जरूर बदल, पण त्या भावाचा हात कशानं थांबला ते शोधून काढ. अशा घरांत पोरींना खरोखरच मारून टाकलं जातं, सोनू. त्यांचं दुःख तुझ्या सुखान्तानं खोटं पडता कामा नये. आपल्याला प्रिय असलेल्या पात्राला हवं ते देऊन टाकायचा मोह या लेखनात सतत होतो, आणि वाचणाऱ्या मैत्रिणीही तेच मागतात. त्यांची वाहवा ऐकून पुढचा भाग लिहायला बसू नकोस.

आता नावाचं. गोष्टीखाली तू स्वतःचं नाव घातलं नाहीस, ते मला खटकलं. मी राहते ते गाव नामदेवांचं जन्मस्थान म्हणून पुजलं जातं, म्हणून इथलंच सांगते. अभंग म्हणजे फॅन फिक्शन असं मी मुळीच म्हणत नाही. तिथे भक्ती आहे, साधना आहे. पण नामदेवांच्या पाठीमागे 'नामा' नावानं लिहिणारे आणखी झाले. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा तर मराठीत महाभारत लिहिणारा मोठा कवी. पुढे या वेगवेगळ्या नाम्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, आणि कोणती कुणाची हे निवडताना अभ्यासक आजही अडतात. कुणाचं नुसतं प्रेम होतं, कुणाचं नावच तसं होतं. पण लिहिणारी माणसं त्यात हरवली. याउलट जनाबाई बघ. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. ती नामयाची दासी म्हणवते आणि लगेच जनी हे स्वतःचं नावही घालते. मी कुणाची आणि मी कोण, दोन्ही एका मुद्रेत. तूही तसंच कर. वर लिही की पात्रं नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मधली, आणि खाली तुझं नाव.

पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली आणि तिच्यात आपली ओवी घुसडणाऱ्याला खडसावलं. पण रामकथा त्यांनी स्वतः नव्यानं सांगितली, ती 'भावार्थ रामायणा'त, वेगळा ग्रंथ म्हणून. दुसऱ्याच्या पोथीत शिरायचं नाही, आपली पोथी वेगळी मांडायची, एवढं त्यांच्याकडून घे.

व्यवहाराचंही ऐक. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा ही गोष्ट विकायच्या किंवा छापायच्या भानगडीत परवानगीशिवाय पडू नकोस. आणि आर्ची वेगळी, तिचं काम करणारी मुलगी वेगळी. त्या मुलीच्या खासगी आयुष्यावर कल्पना लढवून लिहू नकोस. ती खरी आहे, तिला घरदार आहे.

वाचनात मात्र हात आखडू नकोस. सध्या तू या एकाच जोडीवरच्या गोष्टी वाचतेस, म्हणून तुझी आर्ची त्या गोष्टींतल्या आर्चीसारखी बोलू लागलीय. 'सैराट' पुन्हा बघ. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' मिळव. व्यासांची माणसं घेऊनही त्या कुणाचेच लाड करत नाहीत.

दुसरा भाग लिहिशील तेव्हा लेकराला बाहेर घेऊन गेलेल्या त्या शेजारणीकडून लिहून बघ. ती लेकराला घेऊन परत येते, एवढंच सिनेमानं तिला दिलंय. तिची भाषा तेलुगू असेल का, आर्चीशी ती कशी बोलत असेल, प्रिन्सला तिनं जिन्यात पाहिलं असेल का, हे तू ठरव. लिहून झालं की मला आधी पाठव.

तुझी,
मावशी