चाकू आणि फ्लोट

"तंत्रज्ञान वाईट नसतं, वापरणारा वाईट असतो." इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून हे वाक्य आपल्या कानावर पडतं. सोबत चाकूचं उदाहरण हमखास असतं: त्याने कांदाही चिरता येतो आणि गळाही. या वाक्याबद्दल मला शंका आली ती एका जपानी विमानामुळे.

1940 साली जपानी नौदलाने कावानिशी कंपनीकडे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं लढाऊ विमान मागितलं. चाकांच्या जागी पोटाखाली एक मोठा फ्लोट, म्हणजे होडीसारखा पोकळ भाग, आणि पंखांखाली दोन छोटे. हवेत गेल्यावर हे फ्लोट निव्वळ ओझं. वजन वाढतं, वारा अडतो, वेग घटतो. लढाऊ विमानाचा जीव वेगात असतो. मग हे लोढणं कशाला? कारण जपानला जी बेटं घ्यायची होती, तिथे धावपट्ट्या नव्हत्या. ती बांधून होईपर्यंत उतरलेल्या फौजेला आकाशातून राखण हवी होती.

थोडक्यात, दुसऱ्याच्या बेटावर उतरण्याचा बेत त्या विमानाच्या आकारातच होता. तो बेत काढून टाकला तर फ्लोटला काही अर्थच उरत नाही.

दुसऱ्याच्या बेटावर उतरणं म्हणजे काय, हे आपल्याला अंदमानवरून कळतं. मार्च 1942 मध्ये जपानने पोर्ट ब्लेअर घेतलं, आणि तिथल्या बंदरात कावानिशीच्याच मोठ्या उडत्या बोटी उतरू लागल्या. सेल्युलर जेल तेच राहिलं, फक्त मालक बदलले. हेरगिरीच्या आरोपाखाली छळ झालेले डॉ. दिवाण सिंग जानेवारी 1944 मध्ये तिथेच गेले. त्याच महिन्यात हम्फ्रीगंजला 44 भारतीयांना गोळ्या घातल्या गेल्या.

कावानिशीच्या लढाऊ विमानाचं नाव क्योफू, म्हणजे जोराचा वारा. मे 1942 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. तोवर काम भागवायला नाकाजिमा कंपनीने झीरो विमानाला फ्लोट लावून दिले होते. त्यातली बरीच विमानं 7 ऑगस्ट 1942 ला तुलागी बेटाजवळ अमेरिकी हल्ल्यात नष्ट झाली. क्योफू 1943 मध्ये सैन्याच्या हाती आलं तेव्हा नवी बेटं घ्यायचे दिवस संपले होते. एकूण 97 बनली. युद्धाच्या शेवटी त्यातली काही जपानमधल्याच बिवा तळ्यावरून बचावासाठी उडत होती.

दरम्यान कावानिशीच्या इंजिनिअरांनी स्वतःहून सुचवलं होतं, की फ्लोट काढून चाकं लावूया. त्यातून शिदेन आणि पुढे शिदेन-काई ही विमानं आली. 19 मार्च 1945 ला शिदेन-काई आपल्याच शहरांवर चालून आलेल्या अमेरिकी विमानांशी लढली.

इथे चाकूचं उदाहरण लागू पडतं. चाकांचं विमान हल्ल्यालाही जातं, बचावालाही. काळ त्याला भूमिका देतो. फ्लोटवाल्या विमानालाही शेवटी काळाने बचावाला जुंपलं, पण ते बनलं त्यासाठी नव्हतं. म्हणून मला वाटतं, वस्तू जितकी नेमकी, तितकी ती बनवणाऱ्याची जबाबदारी जास्त. 1940 च्या जपानमध्ये नकार देणं किती अवघड होतं, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण "मला ठाऊक नव्हतं" असं फ्लोट काढणाऱ्याला म्हणता येत नाही. त्याच्या समोरच्या आराखड्यात सगळं लिहिलेलं होतं.

आणि दोष कौशल्याचाही नाही. क्योफूच्या रचनेत प्रमुख असलेल्या शिझुओ किकुहारांनी युद्धानंतर समुद्रावर उतरणारी नवी विमानं घडवली. आधी पाणबुड्या शोधायला, मग माणसं वाचवायला. त्याच घराण्यातल्या यूएस-2 विमानाने जून 2013 मध्ये खवळलेल्या प्रशांत महासागरात उतरून दोन शिडबोटवाल्यांना उचललं. पाण्यावर उतरण्याची विद्या तीच, मागणी मात्र वेगळी.

आता आपल्या खिशातलं बघू. झटपट कर्ज देणारी ॲप फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट मागत. कर्ज द्यायला बँक खातं लागतं, ओळखपत्र लागतं. मामाचा नंबर कशाला लागतो? येरमाळ्यासारख्या गावातल्या पोराच्या यादीत भावकी असते, शाळेतले सर असतात, किराणा दुकानदार असतो, कदाचित ठरू घातलेली सोयरीकही असते. हप्ता चुकला की त्या सगळ्यांना फोन करून माणसाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, यासाठी ती यादी. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट लिस्ट वाचायला मनाई केली. पण त्याआधी कुणीतरी, माझ्याच वयाच्या एखाद्याने, ते चार ओळींचं कोड लिहिलं होतं आणि ते नीट चालतंय ना हे तपासलंही होतं.

डेटाबेस बनवणारा म्हणू शकतो, मी चाकू बनवला. त्या चार ओळी लिहिणाऱ्याने मात्र फ्लोट बनवला होता. काम हातात आलं की "याचा गैरवापर होईल का?" हा प्रश्न फार दूरचा वाटतो. त्याआधीचा प्रश्न सोपा आहे: याचा चांगला वापर नेमका कोणता? त्याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर आपण कुणाच्या बेटावर उतरायला निघालोय ते समजून घ्यावं.